तेल लावलेले काळे केस टॅबलेटवर रंगवताना

शहाद्याच्या एका मुलीने विचारलं आहे: ‘ताई, माझं एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) झालंय, पेन्सिलने पोर्ट्रेट बऱ्यापैकी जमतं. आता छोटा ग्राफिक टॅबलेट घेतला आणि आजीचा फोटो रंगवायला घेतला. चेहरा आजीचाच वाटतो, पण केस काढले की डोक्यावर शेवया पसरल्यासारखं दिसतं. व्हिडिओत दाखवतात तसंच करते, केसांचे ब्रशही डाउनलोड केले. नेमका कोणता ब्रश घेऊ?’

ब्रशचं शेवटी सांगते. अडचण ब्रशमध्ये नाही. आधी एक साधा हिशेब करून बघ.

ए-फोर कागद ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, घेतलास तर कॅनव्हास २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा होतो. त्यात आजींचं डोकं, माथ्यापासून हनुवटीपर्यंत, १३०० पिक्सेल उंच आहे असं धर. खऱ्या डोक्याची ही उंची साधारण २२ सेंटिमीटर असते. म्हणजे एका मिलिमीटरला सहा पिक्सेल आले. माणसाच्या केसाची जाडी बहुतेक वेळा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या दरम्यान. तेव्हा तुझ्या चित्रात एक केस अर्ध्या पिक्सेलच्या आसपास भरतो! तू तीन पिक्सेलच्या ब्रशने जी रेघ ओढतेस, तिच्या रुंदीत पाच ते दहा केस शेजारीशेजारी मावतात. त्यात डोक्यावर केस असतात लाखाच्या घरात. ते मोजून काढायचे म्हटले तरी पडद्यावर तेवढी जागाच नाही. म्हणून एकेक केस काढायचा विचार सोडून दे. रंगवायचा आहे तो केसांचा गठ्ठा, त्या गठ्ठ्याला असलेली गोलाई आणि तिच्यावर पडलेला उजेड. सुटे केस अगदी शेवटी, आणि तेही मोजकेच.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. इंटरनेटवरचे बहुतेक धडे मोकळ्या, कोरड्या, तपकिरी किंवा सोनेरी केसांचे असतात. स्टुडिओतला मऊ उजेड, वाऱ्यावर उडणाऱ्या बटा. आपल्या आज्या, मावश्या तशा बसत नाहीत. काळे किंवा पिकलेले केस, खोबरेल चोपडून विंचरलेले, मधोमध भांग, मागे अंबाडा, वर पदर. उजेड कुठला, तर दारातून येणारा, नाहीतर अंगणातलं रखरखीत ऊन. या केसांचं वागणंच वेगळं आहे. सोनेरी केसांची रीत त्यांना लावली की शेवया होणारच. तू हात नीट चालवते आहेस, फक्त धडा दुसऱ्याच केसांचा गिरवते आहेस.

आता केसावर उजेड पडला की काय होतं ते समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रत्येक केसावर अतिशय बारीक खवले असतात, मुळाकडून टोकाकडे एकावर एक चढलेले. स्टीफन मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये संगणकावर केस दाखवण्यासाठी या उजेडाचं गणित मांडलं. आज सिनेमातले संगणकावर घडवलेले केस मोठ्या प्रमाणावर त्याच पायावर उभे असतात. गणित आपल्याला नको, त्यातला अर्थ तेवढा घेऊ. केसावर पडलेल्या उजेडाचा एक भाग वरच्या वरच परततो. त्याचा रंग उजेडाचाच राहतो. दुसरा भाग केसाच्या आत शिरतो, पलीकडच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि येताना केसाचा रंग घेऊन येतो. तिसरा भाग आरपार जातो.

काळ्या केसात रंगद्रव्य इतकं असतं की आत शिरलेला बहुतेक उजेड तिथेच जिरतो. उरते ती वरवरची चकाकी, आणि ती समोर जे असेल त्याच्या रंगाची. अंगणात बसलेल्या बाईच्या केसांवर आकाशाचा निळसर पट्टा दिसतो. निळा चुना दिलेल्या भिंतीशेजारी ती निळाई आणखी वाढते. पिवळ्या बल्बखाली तोच पट्टा तांबूस होतो. म्हणून काळ्या केसांसाठी ‘काळा रंग’ शोधू नकोस. आजीच्या समोर आणि डोक्यावर काय आहे ते बघ आणि तो रंग अगदी मंद करून पट्ट्यात घाल. मी काळ्या केसांचा सगळ्यात गडद भागही शून्यावर नेत नाही. रंगनिवडीच्या खिडकीत ब्राइटनेस ८ ते १२ टक्क्यांवर ठेवते, रंगछटा किंचित तांबड्याकडे. पूर्ण काळा टाकला की तिथे भोक पडल्यासारखं दिसतं आणि मागचं सगळं सपाट होतं.

पिकलेल्या केसांचं याच्या उलट. त्यांच्यात रंगद्रव्य नाही, त्यामुळे उजेड आत शिरतो, फिरतो, शेजारच्या केसात जातो. म्हणून पांढऱ्या केसात चकाकीचा पट्टा ठळक येत नाही, सगळा पुंजकाच मऊसर उजळतो, आणि मागून ऊन आलं तर कडा पेटल्यासारखी दिसते. तुझ्या आजीचे केस अर्धे काळे अर्धे पांढरे असतील तर करडा रंग कालवून सगळीकडे फासू नकोस. कानशिलाजवळ आणि भांगाच्या कडेला पांढरे जास्त असतात, मागे काळे. आधी हे भाग वेगळे कर. मेंदी लावत असतील तर आणखी गंमत आहे: मेंदी पांढऱ्या केसांवर नारिंगी चढते, काळ्यावर जेमतेम कळते. एकाच डोक्यावर काळं आणि केशरी शेजारीशेजारी, मुळाशी नवा पांढरा फुटवा. हे जसंच्या तसं काढलंस तर आजीला ओळखायला चेहऱ्याचीसुद्धा गरज पडणार नाही.

तेलाने काय होतं? केस एकमेकांना चिकटून त्यांच्या जाडसर पट्ट्या बनतात, मधली हवा जाते, पृष्ठभाग गुळगुळीत होतो. मग चकाकी अरुंद आणि धारदार होते आणि तिच्या दोन्ही बाजूंचा भाग आणखी गडद दिसतो. कोरड्या केसात हाच पट्टा रुंद, पसरट, फिका असतो. एवढा एक फरक नीट काढलास तरी बघणाऱ्याला ‘तेल लावलंय’ हे सांगावं लागत नाही. होळीच्या सुमारास धडगाव-मोलगीकडच्या भोंगऱ्या बाजारात, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजारात, गेलीस तर हा फरक एकाच ठिकाणी दिसेल: सकाळी नटूनथटून आलेल्यांचे चापूनचोपून बसवलेले केस आणि संध्याकाळी धुळीने भरलेले तेच केस. धुळीने चकाकी जवळजवळ मरते. फोटो काढायचा असेल तर मात्र आधी विचार, आणि नाही म्हटलं तर नुसतं बघ. बघणंही अभ्यासच आहे.

आता फोटोबद्दल. तू पाठवलेल्या फोटोत आजीच्या केसांची कडा कापल्यासारखी आहे आणि केसांवर मेणासारखा थर दिसतो. मोबाइलमधला ब्यूटी मोड आणि पोर्ट्रेट मोड यांचं हे काम आहे. पहिला बारीक तपशील पुसतो, दुसरा मागचं धूसर करताना सुटे केसही कापून टाकतो. आजी जवळ आहेत, तर फोटो पुन्हा काढ. दोन्ही मोड बंद. दुपारचं डोक्यावरचं ऊन नको. आपल्याकडे वैशाखात ते इतकं उभं पडतं की माथा पांढराफेक होतो आणि डोळे काळोखात जातात. सकाळी, आजीला दाराच्या आत हातभर अंतरावर बसव, दार एका बाजूला येऊ दे. बाहेरच्या उजेडाने एका बाजूला पट्टा येईल आणि दुसरी बाजू हळूहळू अंधारात जाईल. गोलाई अशीच कळते. त्याच बैठकीत भांगाचा, कानशिलाचा आणि अंबाड्याचा जवळून एकेक फोटो घेऊन ठेव.

चित्र सुरू करताना केसांचा ब्रश उघडूच नकोस. मोठा, कडक कडेचा साधा गोल ब्रश घे. डोळे बारीक करून फोटो बघ आणि केसांचा सगळा भाग तीनच छटांत भर: सावली, मधली, चकाकी. या टप्प्यावर एकही रेघ नाही. मग कॅनव्हास लहान करून, अंगठ्याच्या नखाएवढा करून बघ. तेवढ्यातही ते केस वाटले पाहिजेत, आणि डोक्याच्या कवटीचा गोल जाणवला पाहिजे. इथे वाटले नाहीत तर पुढे हजार रेघा ओढून उपयोग नाही. शिकणारे बहुतेक जण इथेच घाई करतात, कारण हा टप्पा दिसायला ओबडधोबड असतो. मी एका पोर्ट्रेटच्या केसांना जेवढा वेळ देते त्यातला निम्मा इथे जातो.

मग वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्रावरच्या वेगळ्या पारदर्शक थरावर, भडक रंगात, केस कुठून निघून कुठे जातात त्याच्या दहा-बारा वाटा आख. भांगापासून बाहेर, कपाळावरून कानाच्या वर, तिथून मागे अंबाड्याकडे. ताणून बांधलेल्या केसात या वाटा गाठीकडे जवळजवळ येत जातात, समांतर राहत नाहीत. पुरुषाचे किंवा लहान मुलाचे केस असतील तर आधी भोवरा शोधायचा. हा लेयर शेवटपर्यंत ठेव, हवा तेव्हा लावून बघ.

चकाकीचा पट्टा या वाटांना आडवा जातो. केस वरून खाली येत असतील तर पट्टा डावीकडून उजवीकडे. केसांच्या दिशेने पांढऱ्या रेघा ओढायच्या, ही सगळ्यात जास्त दिसणारी गल्लत, आणि शेवयाही त्यातूनच होतात. पट्टा आडवा घाल, मग त्याची वरची आणि खालची कडा केसांच्या दिशेने छोट्या फटकाऱ्यांनी तोड. कुठे जास्त आत, कुठे कमी. काही ठिकाणी पट्टा पूर्ण तुटू दे, कारण तेलाने झालेल्या प्रत्येक पट्टीची उंची वेगळी असते. पट्ट्याच्या कडेला, मधली छटा लागते तिथे, थोडा गरम तपकिरी घाल. आत जाऊन परत आलेल्या उजेडाचा तो भाग. काळ्या केसात अगदी थोडा, पण त्याने जीव येतो.

यानंतरचं काम उलट्या बाजूने कर. उजळ रेघा वाढवण्याऐवजी पट्ट्यांच्या मधल्या गडद फटी काढ. फट मुळाशी किंवा गाठीशी रुंद, पुढे निमुळती होत नाहीशी होणारी. दोन फटींच्या मध्ये जे उरतं ते आपोआप बट होतं. काळ्या केसांना ही रीत फार मानवते. फटींची रुंदी आणि अंतर कुठेही सारखं येऊ देऊ नकोस. हाताला सारखेपणाची ओढ असते, म्हणून मधूनमधून कॅनव्हास आरशासारखा उलटा करून बघ. क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एम हे एकच बटण दाबायचं आहे.

केसांची कपाळावरची सुरुवात हा सगळ्यात नाजूक भाग. तिथे रेघ नसते. कपाळाची कातडी हळूहळू गडद होत केसात शिरते, आणि तिथले केस बारीक, आखूड, विरळ असतात. मऊ ब्रशने कातडीचाच थोडा गडद, थोडा राखाडी रंग तिथे पसर, त्यावर मोजके आखूड केस, तेही पूर्ण गडद नाहीत. भांगाचंही तसंच: भांग म्हणजे पांढरी रेघ नव्हे, ती डोक्याची कातडी आहे, कपाळापेक्षा थोडी फिकी, कडेला केसांच्या मुळांची बारीक सावली असलेली. म्हाताऱ्या बाईचा भांग रुंदावलेला असतो. कुंकवाच्या जागेपासून तो वर नीट सरळ जात नाही, तर डोक्याच्या गोलाईने वळतो.

पदर असेल तर केसांवर त्याची सावली पडते आणि त्याचा रंगही. लाल लुगड्याच्या पदराखाली काळे केस लालसर दिसतात, हिरव्याखाली हिरवट. पदराची कडा कडक ठेव, तिच्या खालची सावली पुढे मऊ होत जाऊ दे. पदराने केस दाबलेले असतात, म्हणून पदर जिथे टेकतो तिथे उंची कमी. वेणी पुढे कधी काढशील तेव्हा तिचा प्रत्येक पेड ही वेगळी फुगीर वस्तू समज. प्रत्येकाला स्वतःची चकाकी, आणि पेड जिथे खाली जातो तिथे सगळ्यात गडद.

आता टॅबलेट. लहान टॅबलेटवर केस येत नाहीत हे खरं नाही. पेनाच्या दाबाच्या पातळ्या ८१९२ आहेत की २०४८ यानेही केसांना फारसा फरक पडत नाही. दोन गोष्टींनी पडतो. पहिली, टॅबलेटचा भाग आणि पडद्याचा भाग यांचं प्रमाण. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो, तो लाव. नाहीतर तू गोल फिरवलेला हात पडद्यावर लंबगोल उमटतो आणि केसांचं वळण कायम चुकतं. दुसरी, दाबाचा आलेख. हलक्या हाताला रेघ हवी तेवढी बारीक उमटेल असा तो बसवून घे.

रेघ बोटांनी नको, कोपरातून ओढ. पेन टेकण्याआधीच हात चालू झालेला असावा आणि उचलल्यावरही पुढे जावा, म्हणजे दोन्ही टोकं निमुळती येतात. हळू ओढलेली रेघ थरथरते. तुझा हात ज्या दिशेला सहज चालतो त्या दिशेला कॅनव्हास फिरवून घे, क्रिटात ४ आणि ६ ने तो फिरतो, ५ ने सरळ होतो. स्टॅबिलायझर, म्हणजे रेघेची थरथर कमी करणारी सोय, थोडा ठेव. जास्त ठेवला तर सगळ्या रेघा एकसारख्या गुळगुळीत होतात. टोकाची निब झिजून तिरपी झाली असेल तर बदल, नाहीतर टॅबलेटवर चरे पडतात. आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. डेस्कटॉपवर काम करत असशील तर आपोआप सेव्ह होण्याची वेळ पाच मिनिटांवर आण.

आता ब्रश. मला तीन पुरतात. एक, कडक कडेचा गोल ब्रश, ज्याचा आकार दाबावर बदलतो. फोटोशॉपमध्ये शेप डायनॅमिक्समध्ये साइज जिटरचा कंट्रोल पेन प्रेशरवर ठेवायचा, स्पेसिंग, म्हणजे ब्रशच्या ठशांमधलं अंतर, कमी करायची. फटी आणि सुटे केस त्यानेच. दोन, मऊ गोल ब्रश, सावलीसाठी आणि कपाळाच्या कडेसाठी. तीन, चार-पाच ठिपक्यांचा एक ब्रश, म्हणजे एका फटकाऱ्यात चार-पाच असमान रेघा. तो स्वतः बनव: छोट्या कॅनव्हासवर वेगवेगळ्या आकाराचे ठिपके अनियमित अंतरावर टाक आणि त्याचा ब्रश कर. हा फक्त चकाकीच्या कडा तोडायला आणि मधल्या छटेत हलका पोत द्यायला वापर. डाउनलोड केलेल्या ब्रशमध्ये वीस-तीस रेघा एकदम येतात आणि प्रत्येक फटकाऱ्यात तोच नमुना उमटतो. डोळ्याला ते लगेच कळतं.

तू लिहिलंस की शहाद्यात फ्लेक्सच्या दुकानात काम मिळतंय आणि तिथे स्मज पेंटिंग करून घेतात. जरूर कर. फोटोवर स्मज फिरवून चेहरा गुळगुळीत करणं आणि पेन टूलने पाथ, म्हणजे वळणाची आखीव वाट, काढून त्यावर केस उमटवणं हा धंदा आहे. त्यात वेगही येतो, चार पैसेही मिळतात. पण केस तिथून शिकू नकोस. पाथवर उमटवलेल्या प्रत्येक रेघेचा दाब संगणकाने ठरवलेला असतो, सगळ्यांची टोकं एकाच पद्धतीने निमुळती होतात, आणि खालची गोलाई फोटोतून उसनी आलेली असते. दुकानातलं काम दुकानात, आणि घरी रोज अर्धा तास कोऱ्या कॅनव्हासवर फक्त केस: आज कानशील, उद्या भांग, परवा नुसती मिशी. भुवया आणि मिशा सरावाला फार चांगल्या, कारण जागा छोटी असते आणि गठ्ठा, दिशा, कडा हे तिन्ही त्यात येतं.

बघायला बाहेरही पड. चाळीसगावला केकी मूस यांची छायाचित्रं त्यांच्याच राहत्या घरी, स्टेशनजवळ, जतन केलेली आहेत. १९१२ ते १९८९ असं त्यांचं आयुष्य, त्यातला मोठा काळ त्याच घरात गेला. काळ्या-पांढऱ्यात दाढी, जटा, विस्कटलेले केस उजेडाने कसे घडतात हे त्यांच्या व्यक्तिचित्रांसमोर उभं राहून बघ. रंग नसल्यामुळे छटा आणि कडा यांच्याकडेच लक्ष जातं. अजिंठा जळगावहून दिवसात होतो. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या खांद्यावर उतरलेल्या बटा बघ, सतराव्या लेण्यात आरसा घेऊन प्रसाधन करणारी राजकन्या बघ. तिथे वास्तववादी चकाकी नाही, पण मोठा आकार आधी आणि मग त्यात मोजकी रेघ, हा क्रम कुणीही शिकावा असा आहे.

चित्र पूर्ण झालं की आजीला छापून द्यायचंय म्हणालीस. छपाईत गडद छटा एकमेकींत मिसळतात. पडद्यावर ८ आणि १२ टक्क्यांत जो फरक दिसतो तो कागदावर बहुधा जातो. छापायच्या प्रतीत केसांच्या सावल्या थोड्या उजळ कर आणि फटी व पट्ट्यांमधलं अंतर वाढव. फ्लेक्सवर तर एक-दोन पिक्सेलच्या रेघा दिसणारच नाहीत, तिथे मोठ्या आकारांवरच भिस्त. फोटो पेपरवर पूर्ण प्रत काढण्याआधी फक्त कपाळ-भांग-कानशील एवढा तुकडा खऱ्या मापात छापून घे, दाराच्या उजेडात धरून बघ, आणि मग त्याप्रमाणे फाइल दुरुस्त कर.